ल्युप्रोलाइड इंजेक्शन : संप्रेरक आधी वाढते, मग घटते, जाणून घ्या उपयोग आणि दुष्परिणाम

प्रोस्टेटच्या कर्करोगावर ल्युप्रोलाइडचे पहिले इंजेक्शन घेतल्यानंतर काही रुग्णांच्या हाडांतील वेदना कमी होण्याऐवजी वाढतात. औषध लागू पडले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र ही तात्पुरती वाढ औषधाच्या कार्यपद्धतीतूनच उद्भवते.

औषध कसे कार्य करते?

मेंदूतील जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने पिट्युटरी ग्रंथीला चालना देते आणि त्यातून टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनची निर्मिती होते. ल्युप्रोलाइड हे त्याच संप्रेरकाचे कृत्रिम प्रतिरूप असून ते ही चालना अखंड देत राहते. परिणामी आरंभी संप्रेरके वाढतात. पुढे ग्रंथी प्रतिसाद देणे थांबवते आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत त्यांची पातळी अत्यंत खाली येते. आरंभीची वाढ घातक ठरू नये म्हणून काही रुग्णांना सुरुवातीला बिकॅल्युटामाइडसारख्या गोळ्याही दिल्या जातात.

उपयोग

प्रोस्टेटच्या कर्करोगाखेरीज एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, तसेच मुलींमध्ये आठ आणि मुलांमध्ये नऊ वर्षांपूर्वी सुरू होणारे अकाली वयात येणे यांवर हे औषध वापरले जाते. त्याची मासिक आणि त्रैमासिक अशी दीर्घकाल परिणाम करणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत.

दुष्परिणाम

अंगातून अचानक उष्णतेच्या लाटा येणे, घाम, थकवा, कामेच्छा घटणे, मनःस्थितीतील चढउतार आणि इंजेक्शनच्या जागी वेदना हे सामान्य दुष्परिणाम होत. दीर्घ वापराने हाडे ठिसूळ होऊ शकतात. म्हणूनच एंडोमेट्रिओसिसमध्ये केवळ हेच औषध एका वेळी सहसा सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ दिले जात नाही. पुरुषांमध्ये मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. त्यामुळे रक्तशर्करेची नियमित तपासणी आवश्यक ठरते. गर्भवतींनी हे औषध घेऊ नये.

ही लक्षणे दिसल्यास विलंब नको

कर्करोग मणक्यापर्यंत पसरलेल्या रुग्णाच्या पायांतील बळ अचानक कमी झाल्यास, पाय बधिर झाल्यास किंवा लघवी अडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आल्याचे ते लक्षण असू शकते. छातीत दुखणे किंवा श्वास घेण्यास त्रास होणे हीदेखील तातडीची लक्षणे आहेत.

पुढील इंजेक्शनची तारीख चुकवू नये, कारण मात्रेस विलंब झाल्यास दबलेली संप्रेरके पुन्हा वाढू शकतात. त्रास होत असला तरी उपचार परस्पर थांबवू नयेत. त्याबाबतचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.