दोन खिडक्यांचा डोळा

दोन पेन्सिली घ्या, पोरांनो. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. हात चांगले लांब करा, टोकं समोरासमोर आणा, एक डोळा गच्च मिटा आणि टोकाला टोक भिडवून बघा. बहुतेकांचं चुकतं. एक पेन्सिल पुढून निघून जाते, दुसरी मागून, आणि माणूस वेड्यासारखा हवेत टोचत बसतो. आता मिटलेला डोळा उघडा. भिडली की नाही पहिल्या झटक्यात? सुई ओवताना आजी एक डोळा मिटते ते धाग्याचं टोक नीट दिसावं म्हणून. पण अंतर कळायला दोन्ही डोळे लागतात. आपल्या दोन डोळ्यांत जेमतेम अडीच इंचांची फट आहे, त्यामुळं एकच वस्तू दोघांना किंचित वेगळ्या बाजूनं दिसते. वस्तू जवळ असली की हा फरक मोठा, लांब असली की लहान, आणि या फरकावरून मेंदू आपल्याला न विचारता अंतराचा हिशेब मांडून मोकळा होतो.

हे माणसालाच जमतं असं मात्र समजू नका. मुंबईत आमच्या देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आसपास अजून झाडी टिकून आहे, त्यामुळं पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटपाशी एखादा हिरवा प्रार्थनाकीटक भिंतीवर येऊन बसतो. पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरलेले, त्रिकोणी डोकं आपल्याकडं वळलेलं. पाखरू दोन-तीन सेंटिमीटरवर आलं की ते जोडलेले हात सुटतात आणि पाखरू गडप. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि जेनी रीड यांनी या किड्याला चक्क चष्मा घातला. पूर्वी थ्रीडी सिनेमाला मिळायचा तसा, दोन रंगांच्या काचांचा, इवलासा, मेण लावून चिकटवलेला. मग त्याला पडद्यावर दोन ठिपके असे दाखवले की भक्ष्य पडद्याच्या बरंच अलीकडं, अगदी तोंडाशी आल्याचा भास व्हावा. आणि किड्यानं रिकाम्या हवेवर झडप घातली! हा प्रयोग २०१६ साली छापून आला. खसखशीएवढ्या मेंदूचा जीव, पण दोन डोळ्यांतला फरक मोजतो.

टोळाची तऱ्हा आणखी न्यारी. उडी मारण्याआधी तो जागच्या जागी डावीकडं-उजवीकडं डुलतो. बघणाऱ्याला वाटतं, स्वारी रंगात आली. प्रत्यक्षात तो डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून समोरची काडी किती सरकलेली दिसते ते बघत असतो. डोळ्यांमधली फट अपुरी पडते म्हणून तो डुलून ती वाढवून घेतो.

आणि घोयरा सरडा? त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, म्हणून पूर्वी लोकांना वाटायचं, जीभ फेकताना तरी तो दोघांचा मेळ घालत असेल. १९७७ साली लिंडसे हार्कनेस यांनी त्याच्या डोळ्यांवर भिंगं बसवून पाहिलं, आणि कळलं की अंतर काढायला घोयऱ्याला एकच डोळा पुरतो. तो डोळ्यातलं भिंग ताणून-सैल करून चित्र स्पष्ट करतो, आणि ते स्पष्ट करायला किती ताण लागला यावरून किडा किती लांब ते ओळखतो.

एवढा वेळ किडे-सरडे सांगत बसलो ते कॅमेऱ्यासाठीच. रोलच्या कॅमेऱ्यांतही हीच दोन घराणी आहेत, बरं का. एक घोयऱ्याचं. त्यात आपण भिंगातूनच बघतो, समोरचं अंधूक दिसतं, कडं फिरवत फिरवत ते स्पष्ट करायचं. आतल्या आरशामुळं भिंगातलं चित्र आपल्या डोळ्यापर्यंत पोचतं. त्याला एसएलआर म्हणतात. दुसरं घराणं प्रार्थनाकीटकाचं, तो रेंजफाइंडर. माझा जीव जडलेला आहे तो या दुसऱ्यावर.

माझ्याकडचा रशियन झोर्की-४ आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे मॉडेल १९५६ ते १९७३ पर्यंत बनत होतं. समोरून बघा: वर दोन खिडक्या, एक मोठी, एक लहान. मोठीतून सरळ दिसतं. लहानीतून आलेला उजेड आत एका आरशावर पडतो, तिथून तिरक्या बसवलेल्या अर्धवट पारदर्शक काचेवर येतो आणि मोठीतल्या चित्रावर सांडतो. म्हणून डोळा लावला की सगळं जग लख्ख दिसतं, फक्त मधल्या फिकट ठिपक्यात समोरच्या माणसाला दोन नाकं असतात. भिंगाचं कडं फिरवा. एक नाक सरकत सरकत येतं आणि दुसऱ्यावर चपखल बसतं. बसलं, की अंतर लागलं. पुन्हा थोडं फिरवलं, की नाकं परत दोन. लहान मुलाच्या हातात हे द्यावं आणि त्याचा चेहरा बघत बसावं.

आता यातली खरी गंमत ऐका. पन्नास मिलिमीटरचं भिंग अनंतावरून तीन मीटरवर आणायचं तर ते पुढं सरकतं एक मिलिमीटरपेक्षाही कमी, सुताराच्या भाषेत अर्धं सूतसुद्धा नाही. भिंगाच्या मागच्या कडेला एक छोटी तरफ टेकलेली असते. ती एवढासा धक्का उचलते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा आरसा अंशाच्या काही भागानं वळतो. बॅटरी नाही, तार नाही. घासून-तासून बसवलेलं पितळ, एक स्प्रिंग आणि एक त्रिकोण: दोन खिडक्यांमधलं अंतर हा त्याचा पाया, आणि शिखरावर समोरचा माणूस. याच त्रिकोणाच्या जोरावर लॅम्ब्टन साहेबानं १८०२ साली मद्रासजवळ सात-साडेसात मैलांचा पाया मोजून हिंदुस्थान मापायला घेतला होता. युद्धनौकांवर ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीचे रेंजफाइंडर बसवत, त्यांच्या दोन टोकांत नऊ-नऊ फुटांचं अंतर असायचं, कारण शत्रूचं जहाज मैलोगणती लांब. पाया जितका लांब, तितकी नजर लांबवर खरी. झोर्कीचा पाया चार सेंटिमीटरही भरत नाही. १९५४ साली निघालेल्या लायका एम-३ या कॅमेऱ्याचा जवळजवळ सात सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या फटीपेक्षा किंचितच मोठा. शिवाय तिच्या खिडकीतून जग जवळपास आहे त्याच आकाराचं दिसतं, त्यामुळं दुसरा डोळा उघडाच ठेवता येतो. माझ्या मते तिच्या तोडीची खिडकी पुढं कुणी बनवली नाही.

लायकाचा मूळ पुरुष ओस्कर बार्नाक. जर्मनीत वेत्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात कारागीर होता, दम्याचा रोगी. काचेच्या प्लेटांचं ओझं घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यानं सिनेमाची फिल्म आडवी घालून खिशात मावेल असा कॅमेरा केला. १९२५ला तो बाजारात आला, पण अंतर मात्र अंदाजानंच लावायचं. भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर त्यात आला १९३२ साली. पाठोपाठ १९३४ला युक्रेनमधल्या खारकोव्हला त्याची नक्कल निघाली, तिचं नाव फेड, आणि ती बनवणारी होती रस्त्यावरून उचलून आणलेली अनाथ पोरं! अंतोन माकारेन्को नावाच्या शिक्षकानं घडवलेल्या वसाहतीत ती राहायची, शिकायची आणि भिंगं घासायची. आमच्या देवनारची संस्था १९३६ साली नागपाड्याला समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झाली आणि १९५४ला, एम-३ आली त्याच साली, इकडं आली. तिथल्या समाजकार्याच्या पोरांना मला ही फेडची गोष्ट सांगावीशी वाटते. बेवारस मुलांच्या हाती एवढं बारीक काम सोपवणारा माणूस आणि ते करून दाखवणारी मुलं, दोघंही मोठी.

पलीकडं चेंबूरला राज कपूरचा आर. के. स्टुडिओ होता, २०१७च्या आगीत त्याचं मोठं स्टेज जळालं. सिनेमावाल्यांची रीत अशी की कॅमेऱ्यापासून नटाच्या चेहऱ्यापर्यंत फीत धरायची, आकडा वाचायचा आणि भिंगावर तो लावायचा. रीत पक्की, पण नट ठरल्या जागी उभा राहिला तर. रस्त्यावरच्या माणसाच्या नाकाला फीत कोण लावू देईल? तिथं रेंजफाइंडर हवा. तो न शिवता मापतो.

आणि आवाज किती करतो म्हणाल, तर हलकंसं खसकन् होतं, तेवढंच. एसएलआरमधला आरसा फोटोच्या क्षणी उसळून वर जातो, खाडकन् वाजतो, आणि तेवढ्यापुरता डोळ्यांपुढं अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतो. शिवाय एम-३च्या खिडकीत चौकट आखलेली असते आणि चौकटीबाहेरचंही दिसतं: डावीकडून सायकल येतेय, ती दोन पावलांत चित्रात शिरणार. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच माणूस लायका घेऊन १९४७ला हिंदुस्थानात आला, ३० जानेवारी १९४८ला गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांच्या हत्येची बातमी आली. त्यानंतर दिल्लीत शोकानं फुटलेल्या गर्दीत तो हा लहानसा कॅमेरा घेऊन फिरला. ते फोटो कधी मिळाले तर सावकाश बघा. गर्दीच्या इतक्या आत शिरलेला माणूस गर्दीला जाणवलेला दिसत नाही.

या यंत्राच्या खोडीही मोठ्या लोभस आहेत. आमच्या इमारतींच्या खिडक्यांना उभ्या गजांच्या जाळ्या. ठिपक्यात एक गज शेजारच्या गजावर जाऊन बसतो, सगळं जुळलेलं दिसतं आणि अंतर मात्र साफ चुकतं. विजेची आडवी तार तर याला मापताच येत नाही, कारण प्रतिमा सरकते तीही आडवीच. कॅमेरा उभा धरला की लगेच जमतं. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं, आणि अशी आख्खीच्या आख्खी लग्नं कोऱ्या रोलमध्ये गेलेली आहेत. कॅमेरा सूर्याकडं तोंड करून ठेवू नका. आत आड यायला आरसा नाही, भिंगाचं ऊन थेट कापडी पडद्यावर पडतं आणि त्याला टाचणीएवढं भोक पाडतं. झोर्कीत आधी चावी भरायची, मगच वेग बदलायचा, नाहीतर आतलं बिघडतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते ती काच खाते, म्हणून कपाटात कोंडू नका, वापरात ठेवा.

रोहित पक्ष्यांसाठी मात्र याचा हट्ट धरू नका. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात ते येतात, चिखलात गुलाबी रांगा लागतात, पण तेवढ्या लांबच्या पाखराला लागतं मोठं भिंग, आणि हाताएवढ्या कॅमेऱ्यातला पाया तिथं तोकडा पडतो. १३५ मिलिमीटरच्या पुढं रेंजफाइंडरवाले सहसा जात नाहीत. तिथं घोयऱ्याचंच घराणं बरं.

जुना कॅमेरा घ्यायला गेलात तर एक परीक्षा सांगून ठेवतो, फोर्टात बोरा बाजारात घ्या नाहीतर चोर बाजारात. भिंग अनंतावर लावा आणि रात्री गच्चीवरून चंद्राकडं बघा. ठिपक्यात एकच चंद्र दिसला तर खुशाल पैसे मोजा. शेजारी शेजारी दोन दिसले तर पुढच्या बाजूला खिडकीजवळ एक बारीक स्क्रू असतो, जाणता मेकॅनिक तो केसभर फिरवून दोघांना एक करतो. एकाखाली एक दिसले तर काम जरा किचकट, तेवढे पैसे आधीच कमी करून घ्या.