घरातलं ‘समजूतदार’ मूल

मिक्सर लावण्याआधी दादाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, त्याने ओळीत मांडलेल्या गाड्यांना कुणाचा पाय लागू द्यायचा नाही, ‘हा बोलत का नाही?’ असं पाहुण्यांनी विचारलं की उत्तरही आपणच द्यायचं. स्वमग्न भावासोबत वाढणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी हे सगळं न सांगता करते. ‘किती समजूतदार आहे हो!’ असं तिचं कौतुक होतं. मला या कौतुकाची काळजी वाटते.

अमेरिकेतल्या संशोधक कॅरोलिन शायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी अशा भावंडांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. दंगा, आक्रमकपणा, चंचलपणा यांत ही मुलं इतरांपेक्षा वेगळी दिसली नाहीत. फरक दिसला तो चिंता, उदासपणा अशा आतल्या आत राहणाऱ्या त्रासात आणि इतरांत मिसळण्यात. सरासरी फरक मोठा नव्हता, अनेक मुलं छान वाढतात. पण शाळेतून तक्रार येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मात्र नाही.

याचं खापर घरातल्या ताणावरच फोडता येत नाही. आनुवंशिकताही आहेच. सॅली ओझोनॉफ यांच्या संशोधक गटाने स्वमग्न मुलांच्या ६६४ धाकट्या भावंडांवर ती तीन वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या १८.७ टक्के मुलांना स्वमग्नता होती. निदान न झालेल्या काही भावंडांतही बोलण्या-मिसळण्यातल्या सौम्य अडचणी आढळतात. तेव्हा ‘दादाचं बघून करतोय’ म्हणून धाकट्याकडे दुर्लक्ष नको.

या मुलांना हवी असते खरी माहिती आणि चिडण्याची मोकळीक. आपल्यामुळे हे झालं का, आपल्यालाही होईल का, हे प्रश्न लहान मुलं मनातच ठेवतात. डॉन मायर यांनी १९८२ मध्ये सिएटलमध्ये ‘सिबशॉप’ सुरू केले. तिथे अशा मुलांनी एकत्र खेळायचं, खायचं आणि भावंडाबद्दल मनमोकळी कुरकुरही करायची. ‘माझी वही फाडली तरी मलाच गप्प बसायला सांगतात’ हे तिथे बिनदिक्कत बोलता येतं.

‘आपल्यानंतर याचं कोण?’ हे आईबाबांचं दबक्या आवाजातलं बोलणंही या समजूतदार बहिणीच्या कानावर पडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न व्यक्तीला अठराव्या वर्षानंतरही कायदेशीर पालक नेमता येतो. ते बहिणीनेच व्हावं असं कायदा म्हणत नाही. ती मोठी झाल्यावर तिला हे विचारावं, आणि ‘नाही’ म्हणायची मुभाही द्यावी.