मुष्टियुद्ध समजून घेताना : तेओफिलो स्टिव्हन्सन

हौशी मुष्टियुद्धातले गुण कसे मोजतात, ते मागच्या आठवड्यात आपण पाहिले. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे अवघी नऊ मिनिटे. या नऊ मिनिटांचे शास्त्र ज्याला सर्वांत चांगले कळले होते, तो हेवीवेट म्हणजे क्युबाचा तेओफिलो स्टिव्हन्सन.

त्याचा जन्म १९५२ साली प्वेर्तो पाद्रेचा. वडील सेंट व्हिन्सेंट बेटावरून क्युबात आलेले. १९६०च्या दशकाच्या आरंभीच कास्त्रो सरकारने व्यावसायिक खेळांवर बंदी घातली होती. अल्सिदेस सागारा या प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि सोव्हिएत प्रशिक्षकांच्या मदतीने तिथली नवी पिढी घडत होती. खेळाडूला पूर्णवेळ सराव करता यायचा, निर्वाहाची काळजी सरकार घ्यायचे. त्यामुळे ‘हौशी’ म्हणजे फावल्या वेळातला, असे इथे समजू नये.

१९७१च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या ड्युएन बॉबिकने त्याला हरवले. पुढच्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले. स्टिव्हन्सन उंच, हातही लांब. डाव्या हाताच्या जॅबने तो प्रतिस्पर्ध्याला अंतरावर रोखून धरायचा आणि फट दिसली की उजवा सरळ ठोसा मारायचा. व्यावसायिक लढतीत समोरच्याला जोखण्यात तीन-चार फेऱ्या घालवता येतात, इथे तेवढ्यात सामना संपतो. तरीही घाई न करणे हेच त्याचे वैशिष्ट्य होते. बॉबिक तिसऱ्या फेरीत कोसळला आणि पंचांनी लढत थांबवली. अंतिम सामन्यात जखमी प्रतिस्पर्धी उतरलाच नाही. पुढे माँट्रियल आणि मॉस्को इथेही सुवर्णपदक त्याचेच. ऑलिंपिकमध्ये त्याच्यासमोर तिन्ही फेऱ्या टिकलेला पहिला प्रतिस्पर्धी १९८०मध्ये भेटला, हंगेरीचा इश्तवान लेवाई.

तो अजिंक्य मात्र नव्हता. सोव्हिएत संघाच्या इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवले. व्हिसोत्स्की उंचीने कमी, पण अंगाला भिडून लढणारा. अंतर मिटले की स्टिव्हन्सनचा जॅब निष्प्रभ होतो, हे त्याने ओळखले होते.

माँट्रियलनंतर अमेरिकी प्रवर्तकांनी त्याला लाखो डॉलर देऊ केले. मुहम्मद अलीशी लढत लावायचे घाटत होते. त्याने नकार दिला आणि तेव्हापासून ‘अलीपुढे तो टिकला असता का?’ ही चर्चा आजतागायत चालू आहे. मला ती निष्फळ वाटते. अलीच्या किताबी लढती पंधरा फेऱ्यांच्या. त्या मापाने नऊ मिनिटांच्या लढवय्याला जोखणे अन्यायाचे आहे. खरी हळहळ वाटते ती १९८४ची. लॉस एंजेलिसच्या सुपरहेवीवेट सुवर्णपदकाचा मानकरी टायरेल बिग्ज त्याच वर्षी आधी स्टिव्हन्सनकडून हरला होता, पण क्युबाने बहिष्कार टाकला आणि चौथ्या पदकाची संधी गेली. १९८६मध्ये, चौतिसाव्या वर्षी, रीनोला तो तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला, यावरून त्या वेळीही त्याच्यात किती दम होता ते कळते. १९८८लाही क्युबा सोलला गेला नाही. स्टिव्हन्सनने निवृत्ती घेतली. २०१२ साली हवानात हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

एकाच वजनगटात तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा. त्याची बरोबरी केली ती क्युबाच्याच फेलिक्स सावोनने. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.