नव्या घरी निघालेले शिंगरू

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. शिंगरू घेणारा त्याची चाल, कान, भोवरे बारकाईने पाहतो. पुढच्या पायांचे केस मात्र क्वचितच कोणी न्याहाळतो. तेथे चिकटलेले पिवळसर, मोहरीहून बारीक ठिपके म्हणजे गॅस्ट्रोफिलस माशीची अंडी. घोडा पाय चाटतो तेव्हा जिभेच्या उबेने व ओलाव्याने अळी बाहेर पडते, काही आठवडे तोंडात काढते आणि मग जठराच्या अस्तरात आकडे रोवून 8 ते 10 महिने राहते. शेवटी लिदीवाटे पडून ती मातीत कोष करते. शिंगराबरोबर माशीही अशी नव्या पागेत पोहोचते.

शिंगराचे दूध साधारणतः 4 ते 6 महिन्यांनी तोडतात. आईचा वियोग, प्रवास आणि अनोळखी दाणा हे तिन्ही ताण एकाच आठवड्यात येऊ नयेत. दाण्याची सवय आईजवळ असतानाच लावावी. निघण्यापूर्वी गरमसर पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाय पुसावेत, नंतर हात धुवावेत. जंतनाशकाची मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

मागे राहिलेल्या घोडीची कास काही दिवस तटतटते. ती पिळून रिकामी केल्यास दूध पुन्हा उतरते. त्याऐवजी दाणा कमी करावा. आणि तिचेही पाय पाहावेत.