ढगांआडून पीक पाहणारा रडार उपग्रह

खरिपाची पिके उपग्रहातून पाहायची म्हटली की पहिली अडचण येते ती ढगांची. छायाचित्र घेणाऱ्या उपग्रहांना सूर्यप्रकाश लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन, कापूस, भात ऐन वाढीत असताना त्यांना बहुधा ढगच दिसतात. अतिवृष्टीने शेतात पाणी साचते तेव्हा तर हमखास. ही अडचण रडार उपग्रह दूर करतो. भारताच्या ‘इस्रो’ने व अमेरिकेच्या ‘नासा’ने मिळून तयार केलेला ‘निसार’ हा असाच उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला.

रडार कसे पाहते?

विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो. रडारही तसेच रेडिओ लहरी जमिनीकडे सोडते व परत आलेल्या लहरी टिपते. त्यामुळे त्याला सूर्यप्रकाशाची गरज नसते. शिवाय या लहरी ढगांतून पार जातात.

उपग्रहाचे मुख्य भाग

निसारचे वजन सुमारे २४०० किलो असून तो सुमारे ७४५ कि.मी. उंचीवरून फिरतो.

१) रडार : यात दोन रडार आहेत. इस्रोच्या रडारच्या लहरींची लांबी सुमारे ९ सें.मी., तर नासाच्या रडारची सुमारे २४ सें.मी. आहे. आखूड लहरी बऱ्याच अंशी पिकाच्या वरच्या थरातून परततात. लांब लहरी दाट पिकात अधिक खोल शिरतात.

२) अँटेना : सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीची ही अँटेना १२ मीटर व्यासाची आहे. उड्डाणावेळी ती छत्रीसारखी मिटलेली होती. अवकाशात ९ मीटर लांबीच्या दांड्यावर ती उघडण्यात आली.

३) सौरपत्रे : लहरी सोडण्यास वीज लागते. ती सौरपत्र्यांपासून मिळते. उपग्रह दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरत असल्याने पत्र्यांवर बहुतेक काळ ऊन राहते.

एवढ्या उंचीवरून दहा मीटरचा तुकडा वेगळा दिसण्यासाठी एरवी १८ ते २० कि.मी. लांबीची अँटेना लागली असती. निसार मात्र पुढे सरकत असताना वाटेत टिपलेले अनेक प्रतिध्वनी संगणकाने जुळवून तेच काम साधले जाते. यालाच ‘सिंथेटिक ॲपर्चर रडार’ म्हणतात.

शेतीला उपयोग

निसार दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून पुन्हा जातो. साचलेले संथ पाणी लहरी आरशासारख्या दुसरीकडे परतवते, म्हणून चित्रात ते काळे दिसते. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा उजळ दिसते. यावरून पाणी साचलेले क्षेत्र, जमिनीतील ओल व पिकाची वाढ यांचा अंदाज घेता येतो.

मर्यादा आणि आपले काम

कीड किंवा रोग कोणता, हे रडार सांगत नाही. सोयाबीन-तुरीसारखे आंतरपीक असेल किंवा तुकडा काही गुंठ्यांचाच असेल, तर संकेत एकमेकांत मिसळतात. चित्रातली खूण कोणत्या पिकाची, हे ठरवायला जमिनीवरची खात्रीची माहिती लागतेच.

पीक विमा योजनेत उत्पादन ठरवताना २०२३ च्या खरिपापासून उपग्रहाच्या माहितीचाही आधार घेतला जाऊ लागला आहे. म्हणून ई-पीक पाहणीत मुख्य पीक, आंतरपीक व क्षेत्र यांची नोंद मुदतीत आणि बिनचूक करावी. आकाशातून शेत दिसेल. त्यात काय पेरले, हे मात्र आपणच सांगायचे आहे.