नियोडिमियम क्लोराइडची सात दशकं

११ मे २०२३ रोजी औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ची पायाभरणी झाली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्रणेचा लेसर किरण उगम पावतो गार्नेटच्या स्फटिकात मिसळलेल्या नियोडिमियममधून. हिंगोलीत या प्रकल्पाची चर्चा २०१६ पासून आहे. नियोडिमियमची भारतातली वाटचाल मात्र त्याहून फार जुनी, आणि ती क्लोराइडच्या रूपात सुरू झाली.

१८ ऑगस्ट १९५० रोजी इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा केरळातल्या अलुवा इथला कारखाना पंडित नेहरूंनी २४ डिसेंबर १९५२ रोजी देशाला अर्पण केला. किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू दळायची, कॉस्टिक सोड्यात तापवायची, मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. थोरियम मागे राहतं. लॅन्थॅनम, सिरियम, नियोडिमियम यांची क्लोराइडं द्रावणात उतरतात. मोनाझाइटमधला किरणोत्सार थोरियम आणि त्याच्या साखळीतल्या रेडियमसारख्या मूलद्रव्यांचा. ती काढून टाकल्यावर उरलेल्या क्लोराइडला त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

सांभाळायचं असतं ते दमटपणापासून. जलयुक्त नियोडिमियम क्लोराइड फिकट जांभळं, रेणूमागे पाण्याचे सहा रेणू धरून असलेलं. बाटली उघडी राहिली तर पावसाळ्यातल्या मिठासारखं त्याला पाणी सुटतं. हे पाणी घालवायला उघड्या भांड्यात तापवणं धोक्याचं: हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो आणि भांड्यात ऑक्सिक्लोराइड उरतं. म्हणूनच निर्जल क्लोराइड हवं असेल तर अमोनियम क्लोराइड मिसळून, निर्वातात, हळूहळू तापवतात. ते ७५८ अंश सेल्सिअसला वितळतं. निर्जल पूड पाण्यात पडली की चांगलीच उष्णता बाहेर पडते, तेव्हा ती थोडी थोडी पाण्यात घालावी. साठवण घट्ट झाकणाच्या बाटलीत, डेसिकेटरमध्ये; वापरताना हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण पूड डोळ्यांना चांगलीच झोंबते.

चिनी मालाच्या किमतीपुढे अलुव्यातली मोनाझाइटवरची प्रक्रिया २००४ मध्ये थांबली. हाती असलेलं कसब आपण असं सुटू दिलं, याची खंत वाटते. २०१० मध्ये चीनने निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा त्याची किंमत जगाला कळली. पुढे ओडिशात प्रक्रिया पुन्हा उभी राहिली. तिथलं मिश्र क्लोराइड आता शुद्धीकरणासाठी अलुव्याला जातं.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती. लायगो दाखवायला विद्यार्थ्यांना न्याल, त्याआधी या जांभळ्या क्षाराचे काही ग्रॅम प्रयोगशाळेत आणा आणि तो सांभाळायचा कसा, हे त्यांच्या हातांना शिकवा.