वायफायवर कोण जोडलंय? नोंदीआधी पत्ता तपासा

शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या वायफायवरचा प्रत्येक संगणक, मोबाइल मॅक पत्त्यावरून नोंदवला जातो. पत्ता १२ अक्षरांचा; ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच चालतं. पण कुणी मध्ये कोलन घालतं, कुणी आडवी रेघ, आणि एकाच संगणकाच्या दोन नोंदी होतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये तीन छोटी फंक्शन्स ठेवतात. पहिलं चिन्हं काढून पत्ता एकसारखा करतं, दुसरं लांबी नि अक्षरं तपासतं, तिसरं आधीची नोंद नसेल तरच नवी चढवतं.

एक मेख आहे. अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक मोबाइल वायफायला मूळ पत्त्याऐवजी आपोआप बनवलेला यादृच्छिक पत्ता देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातला नाही असं समजावं. तेवढ्यावरून कुणावर ठपका ठेवू नये.